भैयालालच्या जीपचे सिमकार्ड

मित्रांनो, आपल्या अंगठ्याचे नख एकदा नीट पाहा. आता कल्पना करा, की तुम्ही जवळजवळ तेवढेच लहान झाला आहात. पाठीवर एक बॅटरी टेकली आहे. भोवती अंधार आहे. तुम्हाला डोळे नाहीत, पण कान फार चांगले आहेत. कोणी कुठेही बसून दहा ठरावीक आकडे दाबले, की तुमच्या अंगातून एक बारीक शिरशिरी जाते आणि बाहेर घंटी वाजू लागते. मग दोन माणसे बोलतात आणि तुम्ही मधे बसून सगळे ऐकता. जमले? तर आता तुम्ही माझ्या जागी आहात.

मी एक जुने सिमकार्ड आहे. माझ्या अंगावर निळ्या अक्षरांत 'वैनगंगा मोबाइल' असे छापलेले होते. आता त्यातला 'वैन' पुसट झाला आहे आणि 'गंगा' तेवढी उरली आहे. या नावाची कंपनी आज कुठेही नाही. पण मी जन्मलो तेव्हा ती होती, आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात तिचा मोठा रुबाब होता.

२००४ साली मी माझ्या हजारभर भावंडांसोबत एका खोक्यातून बालाघाटला आलो. जबलपूरहून छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीने आलो, त्यामुळे पोहोचायला दिवस गेला. बस स्टँडजवळ एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कंपनीचे कार्यालय होते. कंपनी लहानच. सगळ्या जिल्ह्यात मिळून तिचे अकरा टॉवर होते, आणि त्यातला एक परसवाड्याच्या टेकडीवर नुकताच उभा राहिला होता. कार्यालयात दोन टेबले, एक लोखंडी कपाट आणि रूपालीताई. ही रूपालीताई गिऱ्हाइकांचे अर्ज भरून घेई. तिची एक सवय होती. नुसते नाव-गाव लिहून तिचे भागत नसे. फोन कशासाठी हवा, कोण वापरणार, हे सगळे ती विचारी आणि अर्जाच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवी.

एके दिवशी अलकनंदाबाई पांढरीपांडे तिच्यापुढे येऊन बसल्या. त्या परसवाड्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. सगळा मुलूख त्यांना सिस्टरबाई म्हणे. त्यांना सिमकार्ड हवे होते, पण स्वतःसाठी नाही. परसवाडा ते बैहर या रस्त्यावर भैयालाल मेश्राम नावाचा माणूस जीप चालवीत असे. जंगलातल्या टोल्यांमधून, म्हणजे लहान वस्त्यांमधून, बाळंतपणाची बाई दवाखान्यात आणायची, तर त्याच्या जीपशिवाय दुसरी गाडी नव्हती. पण जीप हवी असेल तेव्हा भैयालाल कुठे सापडेल याचा नेम नसे. त्याला शोधायला सायकलवर माणूस पाठवावा लागे, आणि तोवर फार उशीर झालेला असे. म्हणून सिस्टरबाईंनी ठरवले, की भैयालालपाशी फोन असलाच पाहिजे. त्याला नागपूरच्या साळ्याने एक जुना फोन दिला होता. कागदपत्र म्हणून लायसन्स होते, पण ते तेव्हा नवे करायला दिलेले होते. सिस्टरबाई म्हणाल्या, थांबायला कोणाला वेळ आहे, माझ्याच नावावर लिहा.

रूपालीताईने अर्जावर सिस्टरबाईंचे नाव लिहिले. समासात पेन्सिलीने लिहिले, 'वापर : भैयालाल मेश्राम, जीपवाले, परसवाडा.' मग तिने मला पाकिटात घातले. मित्रांनो, ही पेन्सिलीची ओळ लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिथे आहे.

फोन आला, पण लोकांना नंबर कसा कळणार? कागदावर लिहून दिला तर तो हरवे, नाही तर त्याला वाळवी लागे. म्हणून सिस्टरबाईंनी नवी पद्धत काढली. ज्या घरात बाईला दिवस गेले असतील, त्या घराच्या दारालगतच्या भिंतीवर गेरूने माझा नंबर लिहायचा. तोवर टोल्यात कोणाकडे तरी एखादा फोन असू लागला होता. त्यांनी हे काम भैयालालवरच सोपवले. भैयालालचे अक्षर सुंदर. त्याने चार गावांत पंचवीस-तीस भिंतींवर मोठ्या हौसेने आपले देवनागरी आकडे काढले, खाली वेलबुट्टीही काढली.

आठ दिवस एकही फोन आला नाही.

सिस्टरबाई जाऊन पाहतात तो काय, घरातल्या बायका एकदा भिंतीकडे बघत आणि एकदा फोनच्या बटणांकडे, आणि हताश होऊन बसत. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. त्या आकार जुळवून पाहत होत्या, आणि बटणावरचे इंग्रजी आकडे भिंतीवरच्या आकड्यांशी जुळत नव्हते.

"भैयालालभाऊ," सिस्टरबाई म्हणाल्या, "अक्षर तुझं मोत्यासारखं आहे. पण बटणांवर हे मोती नाहीत ना रे."

भैयालाल खजील झाला. दोघांनी मिळून सगळ्या भिंती पुसल्या आणि बटणांवर असतात तसे आकडे काढले. वेलबुट्टी मात्र त्याने राहू दिली. दुसऱ्याच दिवशी माझ्या अंगातून पहिली शिरशिरी गेली.

त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. फोन वाजला, की पलीकडून घाबरलेला आवाज येई. गावाचे नाव, कोणाची सून, कोणाची लेक, एवढे कानावर पडले की भैयालाल "निंगलो" म्हणे आणि फोन खिशात टाकी. मग जीपच्या इंजिनाची घरघर सुरू होई आणि मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात हिंदकळत जाई. घाटात टॉवर लागत नसे, तेव्हा मी मुका होऊन बसे आणि पुन्हा रेंज येण्याची वाट पाही. बैहरच्या जंगलातले लोक माझा नंबर तोंडपाठ म्हणू लागले. लग्नात, बाजारात भैयालाल भेटला की लोक त्याला जवळ बसवून घेत. माझे नाव कोणी घेत नसे, पण मला त्याचे वाईट वाटले नाही. मला सगळे ऐकू येत होते, तेवढे पुरे होते.

आता कंपनीचे काय झाले ते सांगतो. अकरा टॉवरच्या कंपनीला मोठ्या कंपन्यांपुढे टिकता येईना. २००९ साली 'वैनगंगा मोबाइल' ही 'संवाद' नावाच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. विलीन होणे म्हणजे काय, ते तुमच्या शाळेवरून सांगतो. समजा, दोन वर्ग एकत्र केले. एकाच गुरुजींकडे दोन्ही हजेऱ्या आल्या. त्यांनी नवी हजेरी केली आणि सगळ्यांची नावे तिच्यात उतरवून घेतली. नावे सगळी आली. पण जुन्या बाईंनी एका मुलाच्या नावापुढे लिहिले होते, 'याला दूरचे दिसत नाही, पुढे बसवणे.' ती ओळ नव्या हजेरीत उतरायची राहून गेली. मुलगा मागच्या बाकावर गेला.

माझे तसेच झाले. लोखंडी कपाटातले अर्ज पोत्यांत भरून जबलपूरला गेले. तिथे कोणी तरी ते संगणकात उतरवले. संगणकात नावाला जागा होती, पत्त्याला जागा होती, समासाला जागा नव्हती. पेन्सिलीची ओळ तिथेच संपली. बालाघाटचे कार्यालय बंद झाले. रूपालीताई कुठे गेली, मला कळले नाही. पूर्वी काही अडले तर भैयालाल तिला फोन करी. तो नुसते "ताई" म्हणाला, तरी ती त्याला आवाजावरून ओळखी. आता फोन जबलपूरला लागे, आणि तिथे आधी नंबर सांगावा लागे.

एक दिवस फोनच्या पडद्यावरचे 'वैनगंगा' हे नाव गेले आणि 'संवाद' आले. मी जागचा हललोही नव्हतो. संदेश आला, की काळजी करू नका, तुमचा नंबर तोच राहील. आणि तो खरेच राहिला.

पुढे आणखी नऊ वर्षांनी 'संवाद' आणि 'नीलांबर' या दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या. एकमेकींशी झगडून दोघीही दमल्या होत्या. या वेळी पडद्यावर 'नीलांबर' आले. जबलपूरला फोन लावला तर माणूस बोलेना. अमुक हवे तर एक दाबा, तमुक हवे तर दोन दाबा, असा एक छापील आवाज बोले. भैयालाल त्याच्याशी दोन वेळा भांडला, मग त्याने नाद सोडला. संदेश मात्र येतच राहिले. ते इंग्रजीत असत. भैयालाल ते उघडतही नसे. रिचार्ज करायला नुसता नंबर सांगितला की भागे, नाव कोणी विचारत नसे. नंबर कोणाच्या नावावर आहे, हे तो कधीच विसरून गेला होता. सिस्टरबाई निवृत्त होऊन बालाघाटला राहायला गेल्या, त्यांनाही आठवण राहिली नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आता सरकारी गाडी येते, चांगली येते. पण नाल्यापलीकडच्या काही टोल्यांची वाट तिच्या जोगी नाही. तिथे अजून भैयालालचीच जीप जाते. अशाच एका टोल्यातून गोदाबाईचा फोन आला. तिची सून रीना, हिला नववा महिना लागला होता. मुलगा मलाजखंडच्या खाणीवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. गोदाबाईने भैयालालला बजावून ठेवले, की आठ-दहा दिवसांत कधीही बोलवीन, दुसरीकडे कुठे जाऊ नकोस.

त्याच संध्याकाळी भैयालालची नात मयुरी फोन घेऊन बसली होती. ती पाचवीत आहे. हिंदी शाळेत शिकते, म्हणून तिच्या बोलण्यात हिंदी फार. तिने साठलेले संदेश एकेक करून पुसायला घेतले आणि एकाशी ती थबकली. अडखळत अडखळत तिने तो दोनदा वाचला. परसवाड्याचा जुना टॉवर बंद होणार होता. जुनी सिमकार्डे रविवारपर्यंत बदलून घ्यायची होती. नाही तर नंबर कायमचा जाणार होता. त्या दिवशी शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी भैयालाल आणि मयुरी परसवाड्यातल्या कुशलच्या दुकानात गेले. कुशल मोबाइल दुरुस्त करतो, सिमकार्डेही विकतो. त्याने नंबर संगणकात घातला आणि तो म्हणाला, "काका, ये नंबर तुमचा नाही."

"माहा नाही तं कोनाचा?" भैयालाल हसला. "वीस वर्सं झाले बोलून राह्यलो याच्यावर."

"नाव अलकनंदा आहे. बाईचं. तुम्ही अलकनंदा आहा का?"

दुकानातले दोघेतिघे हसले. भैयालाल हसला नाही. तो हळूच म्हणाला, "सिस्टरबाई."

कुशल म्हणाला, त्या बाईंना आणा, मशीनवर अंगठा लावू द्या, पाच मिनिटांत नवे कार्ड देतो. बाई बालाघाटला असतील तर तिथल्या दुकानातही होईल. दुसरा काही उपाय नाही.

जीप बालाघाटला गेली. चार ठिकाणी विचारून सिस्टरबाईंचे घर सापडले. त्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. सगळे ऐकून त्या आधी खूप हसल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुझी जीप मीच चालवत होते म्हण की," असे म्हणून त्यांनी चपला घातल्या.

बाजारातल्या दुकानात त्यांनी मशीनच्या लाल उजेडावर अंगठा ठेवला. मशीन म्हणाले, जुळत नाही. त्यांनी अंगठा पुसून पुन्हा ठेवला. मग दुसऱ्या हाताचा ठेवला. मग दहाही बोटे एकेक करून ठेवली. दुकानदार भला माणूस होता, त्याने तेलाचे बोट लावून पाहिले, काच पुसून पाहिली. मशीन तेच म्हणत राहिले. मित्रांनो, चाळीस वर्षे त्या बाईंनी गरम पाण्यात आणि औषधात हात धुतले होते. बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या.

"या हातांनी किती लेकरं धरली, त्याचा हिशेब नाही मजपाशी," सिस्टरबाई बोटांकडे पाहत म्हणाल्या. "अन् या डबीला ती दिसत नाहीत."

दुकानदाराने सांगितले, की आता जबलपूरच्या कार्यालयात कागद दाखवावे लागतील. ते सोमवारी उघडेल. उद्याची तारीख तर शेवटची. मयुरीने विचारले, "एक दिन भी नहीं रुकेंगे?" दुकानदाराने जबलपूरला फोन लावून तिच्या हातात दिला. ती ऐकत राहिली. एक दाबा, दोन दाबा. तिने एक दाबून पाहिले, दोन दाबून पाहिले, नऊपर्यंत सगळे दाबून पाहिले. मग फोन परत दिला.

रविवारी मला तीन फोन आले. त्या तिघांना भैयालालने नंबर जाणार असल्याचे सांगितले. सोमवारी सकाळी टॉवरचा आवाज येईनासा झाला. घाटात जसा मी मुका होई, तसाच झालो, पण या वेळी घाट संपला नाही.

कुशलने भैयालालच्या स्वतःच्या नावाचे नवे कार्ड दिले. मला काढून काउंटरवर ठेवले. भैयालाल घरी येऊन खाटेवर बसला. मयुरी शेजारी बसून होती.

"लोक लावून लावून पाहतीन," तो म्हणाला. "अन् म्हनतीन, भैयालाल मेला."

"तर मग आपण जाऊन सांगू ना, आबाजी."

"कोनाकोनाले सांगशीन? किती भिती हायेत, मालूम हाय का तुले? कोन कोनाच्या फोनवरून लावते, मले त्याहिचे नंबरबी मालूम नाही."

"किती भिंती आहेत?"

भैयालालने बोटांवर मोजून पाहिले आणि सोडून दिले. "शंभराच्या वर."

"मंग पहले रीनाकाकीच्या घरी," मयुरी म्हणाली, आणि उठून गेरू कालवायला लागली. कुशलच्या काउंटरवरून तिने मला उचलून आणले होते. तेव्हा मी तिच्या फ्रॉकच्या खिशात होतो.

मित्रांनो, माझे आता काही काम उरले नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. कंपन्या एकत्र येणार, नावे बदलणार, जुनी कार्डे जाणार. माझे तुमच्यापाशी एकच मागणे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणी बँकेत बसाल, कोणी दवाखान्यात, कोणी अशाच एखाद्या कंपनीत. तुमच्याकडे जुन्या वह्या येतील आणि त्या नव्या वहीत उतरवून घ्या असे कोणी सांगेल. तेव्हा घाई करू नका. समासातही पाहा. तिथे पेन्सिलीने काही लिहिले असेल, तर ते कोणासाठी लिहिले आहे हे विचारा. आणि कोणी आपल्यावर विसंबून असेल, आणि आपला पत्ता बदलला असेल, तर त्याला आपण होऊन जाऊन सांगा.

मयुरीने तेच केले. जीप नाल्यापाशी थांबली, कारण पुढे वाट नुकतीच खचली होती. भैयालालला तिने जीपपाशीच ठेवले आणि ती गेरूचा डबा घेऊन टोल्यात गेली. गोदाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. रीना दाराशी टेकून उभी होती. मयुरीने सगळे सांगितले आणि ती ओल्या फडक्याने भिंतीवरचा जुना नंबर पुसायला निघाली, तशी गोदाबाईने तिचा हात धरला.

"थो राहू दे," ती म्हणाली. "त्यानं माहे दोन नातू आनले."

"पण आजी, तो लागणार नाही. गलतीने तोच लावाल."

गोदाबाईने विचार केला. मग चुलीतला कोळसा आणून तिने स्वतःच जुन्या नंबरावर एक आडवी रेघ मारली. पुसला मात्र नाही. मयुरीने त्याच्या खाली नवे दहा आकडे काढले. मागे सरून पाहिले. एक आकडा जरा वाकडा वाटला, तो पुन्हा काढला.

"लिवलं नं? जा मंग," गोदाबाई म्हणाली. "ऊन चढून राह्यलं."

मयुरी गेली नाही. तिने घरातला फोन मागून घेतला आणि तो गोदाबाईच्या हातात दिला. "लावा," ती म्हणाली.

"आताच? आता कायले? आता तं काही झालं नाही."

"लावून पाहा ना, आजी. मी नाही सांगणार, तुम्हीच पाहून लावा."

गोदाबाईने भिंतीकडे पाहिले, बटणांकडे पाहिले. एकेक आकार जुळवत तिने आकडे दाबले. सातव्यावर चुकली, रीना हसली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. दहावा दाबला. थोडा वेळ काहीच नाही. मग नाल्याच्या बाजूने, झाडांतून, बारीकशी घंटी ऐकू आली.

"भैयालाल," गोदाबाई फोनमध्ये ओरडली, "जिता हायस का रे?"

"हौ, बाई. नाल्यापाशीच बसलो हावो," पलीकडून आवाज आला. "कोनी चहा पाजत असन तं पाहा."

मग रीनानेही लावून पाहिला. तिचा पहिल्याच वेळी लागला.

मयुरीने डबा उचलला, ब्रश झटकला आणि शेजारच्या अंगणात जाऊन ती उभी राहिली. तिथली बाई बाहेर आली. मयुरी म्हणाली, "काकी, तुमचा फोन आना जी जरा."